बाळाची गोधडी आणि विणलेले कपडे : खरोखर वापरात येतील असे कसे करावेत?

रिकामी रीळ (प्रश्न)

तीन महिन्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला दुसरे बाळ होणार आहे. तिचा मोठा मुलगा आता चार वर्षांचा आहे. त्याच्या वेळी मी दूर होते, त्यामुळे हाताने केलेले काहीच त्याला देता आले नव्हते. या खेपेस मात्र एक गोधडी आणि टोपडे, हातमोजे, पायमोजे व स्वेटर असा विणलेला संच करावा असे मनात आहे. दोन सुयांवरचे विणकाम मला बऱ्यापैकी येते. घरी शिवणयंत्र आहे आणि सरळ शिलाई जमते, पण गोधडी आजवर एकही केलेली नाही. रोज संध्याकाळी तासभर वेळ मिळेल, त्याहून अधिक नाही.

इतके तपशीलवार विचारण्यामागे एक जुना अनुभव आहे. सहा वर्षांपूर्वी मी मैत्रिणीच्या बाळासाठी पांढऱ्या शुद्ध लोकरीची जाळीदार शाल विणली होती. त्या कामाला चार महिने लागले होते. दिल्यानंतर काही आठवड्यांनी तिचा रडवेल्या आवाजात फोन आला. घरातल्या कोणीतरी ती शाल इतर कपड्यांबरोबर धुलाईयंत्रात टाकली होती आणि बाहेर आला तो निम्म्याहून लहान झालेला, पुठ्ठ्यासारखा घट्ट तुकडा. "असू दे," असे मी म्हणाले खरी, पण पुढे वर्षभर सुया हातात घेतल्या नाहीत. आज मागे वळून पाहता चूक फक्त त्यांची होती की काही अंशी माझीही होती, हे मला ठरवता येत नाही.

म्हणून विचारते. पहिल्याच गोधडीला कोणते माप घ्यावे आणि ती किती जाड असावी? कपड्यांसाठी कोणता धागा निवडावा? तिसरा प्रश्न जरा नाजूक आहे. गेल्या वर्षी आजी गेली. तिचे सहा-सात सुती कपडे आईने जपून ठेवले आहेत आणि ते या गोधडीत यावेत अशी तिची इच्छा आहे. मला मात्र त्यांना कात्री लावण्याचा धीर होत नाही.

धावदोरा

ताई, गोधडीपुरते मी सांगतो. पहिल्या कामाला नक्षीच्या मागे लागू नका. एकसारखे चौकोन घ्या. तयार चौकोन १५ सेंटिमीटरचा धरला आणि आडवे सहा, उभे आठ असे ४८ चौकोन जोडले, तर ९० × १२० सेंटिमीटरची गोधडी होते. चारही बाजूंना ६ मिलिमीटर माया (शिवणीसाठी सोडायचे जादा कापड) धरून प्रत्येक चौकोन १६.२ सेंटिमीटरचा कापावा. ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडातून एका ओळीत सहा चौकोन निघतात, म्हणजे सगळे मिळून साधारण १.३ मीटर कापड लागेल. ते पाच-सहा रंगांत वाटून घेता येते, पण मग रंगागणिक थोडे जास्त कापड धरावे.

नवशिक्यांची गोधडी वाकडी होते ती शिलाईत हात हलल्यामुळे होते असे सर्वांना वाटते. माझ्या मते खरा दोष मायेचा असतो. माया ठरल्यापेक्षा एकच मिलिमीटर जास्त घेतली, तर प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंचे मिळून दोन मिलिमीटर कापड खाल्ले जाते. आठ चौकोनांच्या रांगेत सात जोड असतात, म्हणजे ती रांग १४ मिलिमीटरने आखूड होते. शेजारची रांग तुम्ही दुसऱ्या दिवशी, निवांत असताना बरोबर शिवलेली असते, आणि मग दोघींचे कोपरे काही केल्या जुळत नाहीत. यावर उपाय अगदी साधा आहे. यंत्राच्या सुईपासून ६ मिलिमीटरवर सुईखालच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावून ठेवावेत आणि कापडाची कड त्यांना टेकवून शिवत जावे. शिवलेला प्रत्येक जोड लगेच इस्त्री करून एका बाजूला पाडावा, आणि लागून असलेल्या रांगांतले जोड विरुद्ध दिशांना पाडावेत, म्हणजे कोपऱ्यावर ते एकमेकांत बसतात.

सगळी कापडे कापण्यापूर्वीच धुऊन घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटते आणि लाल किंवा गडद निळा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरू शकतो. ओला पांढरा कपडा गडद कापडावर घासून पाहिला की शंका फिटते. मधला भराव पातळ सुती घ्यावा. त्याच्या वेष्टणावर दोन टाक्यांच्या ओळींमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते लिहिलेले असते. त्यापेक्षा विरळ टाके घातले तर काही धुण्यांनंतर आत गोळे होतात. अस्तर आणि भराव चारही बाजूंनी सात-आठ सेंटिमीटर मोठे ठेवा, कारण टाके घालताना वरचा थर सरकत आणि पसरत जातो. तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी किंवा वाकवलेल्या पिनांनी मधोमधपासून बाहेरच्या दिशेने पकडत जा. कडेपासून सुरुवात केली की मध्ये फुगा राहतो आणि तो नंतर कुठेच जात नाही.

हाताने धावदोरा घालायचा असेल, तर दर साडेसात सेंटिमीटरवर एक उभी ओळ धरली की अकरा ओळी होतात, म्हणजे साधारण सव्वातेरा मीटर. माझ्या हाताला मीटरमागे अर्धा तास लागतो. तुमच्या संध्याकाळच्या हिशेबाने ते सात दिवसांचे काम आहे आणि गोधडी करण्याचा खरा आनंद त्या सात दिवसांतच आहे, असे माझे मत आहे. कडेच्या गोटाला घेराएवढी, म्हणजे ४२० सेंटिमीटर पट्टी लागते. कोपरे आणि जोड धरून साडेचार मीटर कापावी. कडा सरळ असल्यामुळे उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, पट्टीची गरज नाही. सरळ धाग्यावर कापलेली सहा सेंटिमीटर रुंद पट्टी दुमडून दुहेरी लावा, ती लवकर विरत नाही.

रात्रपाळी

मी नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे धावदोरा यांच्या उत्तराला एक महत्त्वाची पुरवणी जोडते. ही गोधडी बाळाला झोपताना पांघरण्यासाठी नाही, हे देतानाच सांगावे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये अद्ययावत केलेल्या सूचनांनुसार, पहिल्या वर्षात बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर झोपवावे आणि झोपण्याच्या जागेत पांघरुणे, गोधड्या, उशा किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत. बाळाला तोंडावर आलेले कापड स्वतःहून दूर करता येत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण आहे.

हे वाचून हात थांबवू नका. जमिनीवर पसरून बाळाला पालथे खेळवायला, मोठ्यांच्या डोळ्यांसमोर मांडीवर गुंडाळायला आणि वर्ष उलटल्यावर पांघरायला गोधडी हवीच असते. उलट, ती जमिनीवर वापरली जाणार हे एकदा ठरले की बरेच निर्णय सोपे होतात. भराव पातळच हवा, कारण फुगीर पृष्ठावर पालथ्या बाळाला मान उचलणे जड जाते. मापही ९० × १२० म्हणजे योग्यच आहे. अस्तर मात्र फिकट नको, कारण त्यावर काय काय सांडेल याची यादी मी येथे देत नाही.

आता विणलेल्या संचाबद्दल. हातमोजे आणि पायमोजे यांची आतली बाजू उलटून पाहावी. रंग बदलताना आत सोडलेले लांब धागे किंवा नीट न दडवलेली टोके बाळाच्या बोटाभोवती गुंडाळली जातात, रक्तपुरवठा अडतो आणि बोट सुजते. बाळ फक्त रडत राहते आणि मोज्याच्या आत कोणी पाहत नाही. असे प्रसंग मी स्वतः पाहिले आहेत. त्यामुळे मोज्यांत रंगीत नक्षी नको, आणि जाळीदार वीण तर बाळाच्या कोणत्याच कपड्याला नको, कारण बोटे भोकांत अडकतात. टोपड्याला गळ्याशी बांधायचे बंद लावू नका. शिवाय टोपडे बाहेर जातानाच घालायचे असते. बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते, त्यामुळे घरात आणि झोपेत ते घालून ठेवले तर बाळाला प्रमाणाबाहेर उकडते. बटणे लावायचीच असतील, तर शिवून झाल्यावर जोर लावून ओढून पाहावीत. मी तर हातमोजे वगळूनच टाकीन.

सुलट दोन उलट दोन

धाग्याविषयी लिहिण्याआधी तुमच्या शालीबद्दल लिहितो, कारण उत्तर तिच्यातच आहे. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि त्या सर्वांचे तोंड तंतूच्या टोकाकडे असते. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की तंतू एकाच दिशेने सरकत जातात, परत फिरू शकत नाहीत आणि एकमेकांत रुततात. त्यातून जो घट्ट नमदा तयार होतो, तो पुन्हा सैल करता येत नाही. म्हणजे शाल आटली नव्हती, तिचा नमदा झाला होता. शाल देताना तुम्ही धुण्याची पद्धत लिहून दिली होती का? नसेल, तर चूक थोडी तुमचीही होती, असे मी स्पष्टच म्हणेन. तान्हे बाळ असलेल्या घरात कपड्यांची वर्गवारी करायला कोणालाही सवड नसते, आणि तशी सवड त्यांच्याकडे असेल असे धरून चालणे हा विणणाऱ्यांचा नेहमीचा भाबडेपणा आहे.

बहिणीच्या घरी दोन मुले असणार. तेव्हा धागा यंत्रात धुता येणारा हवा. सुपरवॉश म्हणून मिळणाऱ्या लोकरीत क्लोरिनच्या प्रक्रियेने खवले बोथट करून वर राळेचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे तिचा नमदा होत नाही. मात्र ती ओली झाल्यावर पसरते, म्हणून नमुन्याचा छोटा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच मोजावा. ॲक्रिलिक धुवायला सोपे असते आणि टिकतेही, पण त्यावर गरम इस्त्री किंवा वाफ लागली की वीण कायमची लुळी पडते. निव्वळ सुती धागा गार असतो, परंतु तो जड असतो आणि त्याला लवचीकता कमी, त्यामुळे स्वेटरच्या बाह्या हळूहळू लांबत जातात. मी सुती आणि ॲक्रिलिकचे मिश्रण किंवा सुपरवॉश मेरिनो (बारीक तंतूंची मऊ लोकर) घेईन. लोकर टोचते ती तंतूच्या जाडीमुळे. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोके त्वचेवर वाकत नाहीत, रुततात. धागा हाताच्या तळव्यावर पारखू नका. मानेवर घासून पाहा.

मापाच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे : नवजात बाळासाठी स्वेटर विणू नका. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर सरासरी ३४ सेंटिमीटर असतो, तीन महिन्यांत तो ४० वर जातो आणि वर्षअखेरीस ४५ ते ४६ होतो. म्हणजे जन्माच्या मापाचे टोपडे काही आठवड्यांचे सोबती. स्वेटर एक वर्षाच्या मापाचा करावा. त्या वयाला छाती साधारण ४५.५ सेंटिमीटर भरते. त्यात सैलपणा धरून घेर ५० ठेवावा. दहा सेंटिमीटरला २२ टाके येत असतील, तर ११० टाके घालावे लागतील. पण तुमचा हात सैल असला आणि दहा सेंटिमीटरला २० च टाके बसले, तर त्याच ११० टाक्यांचा घेर ५५ होतो. हात घट्ट असून २४ बसले, तर ४६ सुद्धा भरत नाही. बाळाचे कपडे लहान असतात म्हणून नमुना न विणणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि त्यांचे स्वेटर पुढे बाहुलीच्या अंगावर दिसतात.

स्वेटर समोरून उघडणारा असावा. बाळाच्या डोक्यावरून काही ओढून घालणे हा घरातल्या सर्वांसाठीच दमवणारा प्रकार असतो. आणि धाग्याच्या सगळ्या गुंड्यांवरचा लॉट क्रमांक (एकत्र रंगवलेल्या धाग्याची खूण) एकच आहे ना, हे घेतानाच पाहा.

शुद्ध लोकर

वरील मताशी मी सहमत नाही. ॲक्रिलिक हे शेवटी प्लास्टिक आहे, आणि ज्वाला लागली तर ते वितळून त्वचेला चिकटते. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, आणि स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ शोषूनही हाताला ओली लागत नाही. एकाने शाल यंत्रात टाकली म्हणून सर्वांनी लोकर सोडावी का? धुण्याची चिठ्ठी शिवून द्यावी आणि चांगलाच धागा वापरावा.

सुलट दोन उलट दोन

लोकरीच्या गुणांविषयी दुमत नाही, म्हणूनच मी सुपरवॉश मेरिनो सुचवली. परंतु चिठ्ठी वाचून, वेगळी बादली घेऊन, कोमट पाण्यात हलक्या हाताने धुण्याचे काम रात्रभर जागलेल्या आईवर टाकणे, हे भेटीबरोबर ओझेही देणे आहे. कपाटात सुरक्षित राहिलेली लोकर बाळाला ऊब देत नाही.

जुनेर

मी आजीच्या कपड्यांविषयी लिहिते. कात्री लावण्याची भीती मला चांगलीच ठाऊक आहे, कारण वडिलांचे सदरे मी तीन वर्षे नुसते पाहत होते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक गाव आहे. तेथील मिसूरी पेटवे या बाईंनी १९४२ मध्ये पती वारल्यावर त्यांच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, त्यांची आठवण राहावी आणि ती पांघरता यावी म्हणून. कपड्यांच्या वापराच्या खुणा त्यात तशाच ठेवल्या आहेत. आज ती गोधडी कलेचा नमुना म्हणून पाहिली जाते. मला मात्र तिच्याकडे पाहून एवढेच वाटले की कापणे म्हणजे नेहमी नष्ट करणेच नसते, आणि त्याच आठवड्यात मी पहिला सदरा उसवला.

आता कामाचे सांगते. प्रत्येक कपडा उजेडासमोर धरून पाहा. जेथून उजेड आरपार येतो ते कापड दोन-चार धुण्यांत फाटेल. काखेजवळचा आणि बैठकीचा भाग बहुधा सोडूनच द्यावा लागतो, आणि चांगले कापड कडेला व घेराच्या खालच्या भागात मिळते. आधी उसवा, मग धुवा, मग कापा. शिवलेल्या कपड्यातूनच थेट चौकोन काढायला गेलात तर धागा तिरपा येतो आणि चौकोन ताणले जातात. कापड मऊ पण सैल झाले असेल, तर मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर) चिकटवून मगच कापावे. ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाला तर त्याशिवाय गत्यंतर नाही. नव्या जाड कापडाशेजारी जुने विरलेले कापड आले की ताण सगळा जुन्यावर येतो, म्हणून जुने चौकोन गोधडीच्या मधल्या भागात घ्या आणि कडेच्या रांगा नव्या कापडाच्या ठेवा.

एक गोष्ट तुमच्या आईशी आधी बोलून घ्या. बाळाच्या गोधडीवर डाग पडणार, ती शंभरदा धुतली जाणार, आणि काही वर्षांनी आजीचे चौकोन सर्वांत आधी विरणार. हे त्यांना चालणार नसेल, तर बाळाच्या गोधडीत आजीचे दोनच चौकोन घाला आणि उरलेल्या कपड्यांची एक वेगळी गोधडी आईसाठी करा, अगदी सावकाश, तीन महिन्यांची घाई न ठेवता. एक पूर्ण कपडा न कापता तसाच ठेवावा, असेही मला वाटते. मी ठेवला नाही, आणि त्याची रुखरुख आहे.

रिकामी रीळ

सर्वांचे मनापासून आभार. शालीबरोबर मी चिठ्ठी दिली नव्हती. तेव्हा सुलट-उलट यांचे म्हणणे मला मान्य करावेच लागेल. आईशी काल बोलले. डागांचा विषय निघताच ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की तिची स्वतःची गोधडी तिला आधी हवी आहे, बाळाला दोन चौकोन पुरेत. एका पोलक्याला हात लावायचा नाही, हेही तिने बजावले. त्यामुळे बाळासाठी ४६ नवे आणि दोन जुने चौकोन, असे ठरले आहे. हातमोजे, टोपडे आणि जाळी रद्द केली आहे. पायमोजे एकाच रंगाचे आणि स्वेटर एक वर्षाच्या मापाचा करीन.

एक शंका राहिली. चार वर्षांच्या भाच्याला वगळल्यासारखे वाटू नये म्हणून त्याच्यासाठीही काही करावे का? दोन मोठ्या गोष्टी तीन महिन्यांत होणार नाहीत.

धावदोरा

उरलेल्या कापडाचे सहा चौकोन, आडवे दोन आणि उभे तीन, जोडले तर ३० × ४५ सेंटिमीटरची गोधडी होते. ती त्याच्या आवडत्या खेळण्यासाठी करा. एका सुट्टीच्या दिवसाचे काम आहे. बाळाच्या गोधडीतले चौकोन जमिनीवर कसे मांडायचे ते मात्र त्यालाच ठरवू द्या. दोन लाल शेजारी आले तरी बदलू नका.

आणि पिना मोजून लावा व आकडा कागदावर लिहून ठेवा. माझ्या पहिल्या गोधडीत लावलेल्या पिना साठ होत्या आणि काढलेल्या एकोणसाठ. साठावी शोधायला एका कोपऱ्याचा गोट पुन्हा उसवावा लागला होता.